तिसरी वस्तू

कपाशीची पहिली वेचणी सुरू झाली, मारेगावकडून येणाऱ्या गाड्यांतून उडालेला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींना लटकायला लागला, की माझ्या हाताला वजनाचा चाळा लागतो. सकाळी ब्रश हातात घेतला तरी वाटतं, हा किती ग्रॅमचा असेल? चहाचा चमचा, रुमाल, किल्ल्यांचा जुडगा. जुडग्यातल्या निम्म्या किल्ल्या कोणत्या कुलपांच्या हे आमच्या घरात कोणालाच माहीत नाही, तरी मी त्या वीस वर्षं खिशात वागवतो आहे. बायको म्हणते, "झालं सुरू तुमचं." मग ती कपाटावरची पत्र्याची पेटी खाली काढून देते, कारण पेटी काढेपर्यंत मी स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा परत देत नाही.

हा सीझन दिवाळीनंतरचा. सोयाबीन निघून गेलेलं असतं, तुरीला पिवळा फुलोरा असतो, पहाटे हँडलवरची बोटं आखडतात आणि दहा वाजता पाठीवर घाम येतो. नऊ हिवाळे आम्ही दोघं याच दिवसांत सायकली काढत होतो. साध्या नव्हेत, गिअरच्या, जाड टायरच्या, डोंगरात चालणाऱ्या. लोहाऱ्यातून निघायचं, शहर ओलांडायचं, जोडमोहा, करंजी करत मारेगाव गाठायचं आणि तिथून डांबर सोडायचं. झरीकडचं जंगल, पैनगंगेच्या काठाने बैलगाडीची चाकोरी, मग उमरखेड, पुसद, दारव्हा आणि परत. सात-आठ दिवस. मागे गाडी नाही, पुढे हॉटेल नाही. शाळेचा वऱ्हांडा, देवळाचा ओटा, एखाद्या दर्ग्याची ओसरी, जिथे दिवस मावळेल तिथे पथारी. जे लागेल ते सायकलवर, आणि जे सायकलवर ते मांड्यांवर. म्हणून वजन.

दुसरा तो म्हणजे हारून. लोहाऱ्याच्या एमआयडीसीच्या रस्त्याला त्याचं टू-व्हीलरचं गॅरेज होतं. आम्ही नगरपालिकेच्या एकाच शाळेत, एकाच बाकावर होतो. पुढे मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक झालो आणि तो मेकॅनिक. मी कधी कोणाला शिकवलं नाही, परीक्षानळ्या धुतल्या. तरी तो मला मास्तर म्हणायचा, आणि सायकलचं वेड लागल्यावर ग्रॅममास्तर. माझी सायकल मी दुकानातून घेतली होती. त्याची त्याने तुकड्या-तुकड्याने जमवली होती, फ्रेम एकाची, चाकं दुसऱ्याची, आणि ती माझ्या सायकलपेक्षा चारशे ग्रॅमने हलकी भरली तेव्हा त्याने गॅरेजमधल्या सगळ्यांना चहा पाजला.

पेटीत सगळ्यात वर एक लाल वही असते. तिच्यात आमची यादी आहे, वस्तू आणि तिच्यापुढे ग्रॅम. अक्षर सगळं माझं. दुसऱ्या पानावर चौथी ओळ आहे: खर्रा, चार पुड्या, अठ्ठेचाळीस ग्रॅम. हारून यंदाच्या पोळ्याच्या आधी तोंडाच्या कॅन्सरने गेला. ही ओळ मी लिहिली होती, हे मी त्याच्या बायकोला, रझियाभाभीला, कधी सांगितलं नव्हतं. दरवर्षी सीझनचं पहिलं काम वजन करण्याचं असे. यंदा पहिलं काम हे सांगण्याचं होतं, आणि पेटी उघडून मी आठ दिवस नुसता तिच्यासमोर बसत होतो.

हलकं होण्याचा एक नाद असतो. तो लागला की माणूस विचित्र होतो. आम्ही ब्रशच्या दांड्या अर्ध्यातून कापल्या. साबणाची वडी कापून तिची पेढ्याएवढी गोळी केली. टॉवेलच्या जागी अर्धा पंचा. नकाशातून आपला रस्ता तेवढा कापून घेतला, बाकीचा जिल्हा घरी. काडेपेटीतल्या काड्या मोजून वीस. एक वर्ष हारूनने बनियनच्या मागची पट्टी उसवली, कारण तिच्यावर कंपनीचं नाव होतं आणि नाव वाचायला आपण काही पाठमोरे होणार नाही, असं त्याचं म्हणणं. या सगळ्याने सायकल किती हलकी झाली असेल? दोन मुठी चण्यांएवढी. पण चढावर प्रत्येक पायडलला वाटायचं, बरं झालं ती पट्टी उसवली.

आणि आमची एक पद्धत होती. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी गॅरेजच्या मागच्या खोलीत आपापली थैली भरून आणायची आणि एकमेकांच्या हातात द्यायची. मग त्याने माझी उपसायची, मी त्याची. दुसऱ्याच्या थैलीतून तीन वस्तू बाहेर काढायच्या. ज्याची थैली त्याने बोलायचं नाही, का म्हणून विचारायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. काढली ती राहिली. माणसाला स्वतःचं ओझं दिसत नाही, दुसऱ्याला लगेच दिसतं, हा त्यामागचा हिशेब. त्याने माझ्या थैलीतून जास्तीचा बनियन काढला, टॉर्च काढली, एकदा बायकोने दिलेली अंगाऱ्याची पुडी काढली आणि मग स्वतःच घाबरून परत ठेवली. "हे राहू दे बे. याच्यात मी पडत नाई." मी त्याचा मोठा पाना काढला. तो पाना त्याच्या उस्तादाचा होता, साडेतीनशे ग्रॅमचा. त्याने एक शब्द काढला नाही, पण मारेगावपर्यंत माझ्याशी बोललाही नाही.

थैल्या भाभीने शिवलेल्या. ती शाळांचे गणवेश शिवते, मशीन गॅरेजला लागून असलेल्या खोलीत. छत्रीचं काळं कापड, रेनकोटचं कापड, उरलेल्या चेनी, यांतून तिने सीटखाली बसणाऱ्या लांबट थैल्या केल्या होत्या. दुकानातल्या थैलीच्या निम्म्या वजनात. आधी ती हसली होती: "दोन घोडे झाले अन् आता दप्तर शिवून मांगून राह्यले." पण शिवल्या अशा की नऊ वर्षांत एक टाका सुटला नाही. तिसऱ्या वर्षी हारूनने आतल्या बाजूला बोटभर लांबीचा खिसा लावून मागितला, दुहेरी कापडाचा, ओल न लागणारा. दोघांच्याही थैल्यांना. "औषधाचा खिसा," त्याने सांगितलं. भाभीने मान न उचलता लावून दिला.

खर्रा आमच्याकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. बाहेरच्या माणसासाठी म्हणून सांगतो: सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत, म्हणजे प्लॅस्टिकच्या कागदात, घालून पानठेल्यावर पाटीला घासतात, घोटतात, आणि पुडीला रबर लावून देतात. बंदी आहे म्हणतात. बंदी असलेली वस्तू सकाळी दुधाआधी मिळते. हारून गॅरेजमध्ये कामाला लागला तेव्हापासून खात होता, म्हणजे मिसरूड फुटायच्या आधीपासून. ही माझ्यासाठी एक पळवाट आहे. तो आधीपासूनच खात होता, तू नाही लावला त्याला. ही पळवाट मी पुष्कळदा वापरून पाहिली. ती थोडं अंतर नेते आणि परत त्या वहीपाशी आणून सोडते.

कारण दुसऱ्या हिवाळ्यात असं झालं. झरीकडचे दोन दिवस जंगलाचे. गावं तुटक, दुकान नाही. त्या दोन दिवसांचं खाणं मी काट्यावर ठेवलं तर दीड किलोच्या वर गेलं. भाकरी, ठेचा, शेंगदाणे, गूळ, चिवडा. मी डोकं धरून बसलो. हारून गालात पुडी सरकवत म्हणाला, "मास्तर, मले एवढं लागतच नाई. खर्रा टाकला का दोन घंटे पोट चूप बसते. झोप नाई, भूक नाई, तहान नाई." मी एक पुडी काट्यावर ठेवली. बारा ग्रॅम. चार पुड्या म्हणजे अठ्ठेचाळीस. मी भाकरी अर्ध्या केल्या, चिवडा काढून टाकला, आणि चौथ्या ओळीत ते लिहिलं. दीड किलोच्या जागी सहाशे ग्रॅम. मला फार आनंद झाला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. गणित बरोबर होतं. आयुष्यात मी इतकं बरोबर गणित दुसरं केलेलं नाही.

त्याच वर्षी, सागाच्या जंगलातल्या एका चढावर, पोटात काही नसताना त्याने पुडी पुढे केली आणि मीही चिमूटभर घेतली. चव्वेचाळिसाव्या वर्षी. कान गरम झाले, डोकं फिरलं, आणि मग खरंच भूक मेली. तेव्हापासून माझ्याही खिशात. घरी नाही, कॉलेजात नाही, फक्त सायकलवर, असं मी स्वतःला सांगत असे. मग फक्त सायकल धुताना. मग सायकल दिसेल तेव्हा.

आता जे सांगायचं आहे ते सगळ्यात वाईट. पाचव्या-सहाव्या हिवाळ्यापासून हारून जास्तच हलका होत गेला. आधी त्याने आपल्या वाट्याचे शेंगदाणे बंद केले. मग कडक चिक्की. मग म्हणाला भाकर नको, गावात डाळ-भात मिळतो. ठेचा तर त्याने एका वर्षी थैली उपसताना माझ्याच थैलीतून काढला. मी वहीत एकेक ओळ खोडत गेलो आणि खुश होत गेलो. वाटलं, गडी तयार होतो आहे. मी अजून पोटाचा गुलाम, आणि हा बघा. पेरू तो चावायचा नाही, चाकूने पातळ काप करून ओठांतून आत सरकवायचा. मला वाटलं, शिस्त. जांभई देताना अर्ध्यावर थांबायचा. मला वाटलं, सवय. त्याचं स्वतःचं वजनही आम्ही लिहीत होतो, गॅरेजशेजारच्या भंगारवाल्याच्या मोठ्या काट्यावर उभं राहून. एका वर्षात सहा किलो उतरलं. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हटलं, "आता तुले नवी फ्रेम घ्याची गरज नाई बे. सहा किलो फुकट वाचले." तो हसला. ओठ मिटून हसला. त्याआधीच कधीतरी त्याचं तोंड उघडून हसणं बंद झालं होतं आणि मला ते कळलं नव्हतं. मी ग्रॅम पाहत होतो.

हे पाहिलं ते एका परक्या बाईने, आणि तिला दोन मिनिटंही लागली नाहीत. आठवा हिवाळा होता तो. मारेगावच्या अलीकडे एका शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आम्ही टायरमधला काटा काढत बसलो होतो. शेतात बायका कापूस वेचत होत्या, कमरेला ओट्या बांधलेल्या, ओट्या फुगून प्रत्येकीची चाल बदललेली. त्यांची जेवणाची वेळ झाली. एक वयस्क बाई आमच्याकडे आली, हातात ज्वारीची भाकर, तिच्यावर मिरचीचा गोळा.

"घ्या जी, खा. इतक्या दुरून आले."

मी माझी अर्धी घेतली. हारूनने हात जोडले. "नाई मावशी. पोट भरलं हाय."

"कायचं भरलं? चेहरा पाह्य कसा उतरला." ती खाली बसली आणि त्याच्याकडे पाहत राहिली. मग मला म्हणाली, "याच्या तोंडाले काई झालं का जी?"

"काई नाई," मी म्हटलं. "तो हलकं खाते." हे मी थोड्या अभिमानाने सांगितलं.

"हलकं," ती म्हणाली. तिने भाकरीचा तुकडा मोडून स्वतःच्या तोंडात टाकला, चावला, गिळला. "माह्या जेठाचं असंच झालतं. तोही म्हने, मले भूकच नाई. बाबू, तीन बोटं एकावर एक धर अन् तोंडात घालून दाखव मले."

हारून हसण्यावारी न्यायला लागला. ती हसली नाही. तेव्हा त्याने ग्रीसने काळी झालेली बोटं पँटला पुसली आणि तिच्यासमोर, माझ्यासमोर, दातांच्या मधे धरली. तीन तर नाहीच. दोनही नाही. एक बोट गेलं, आणि तेही आडवं करून.

"अन् गालाच्या आतमंदी?" बाईने विचारलं.

त्याने बोट पुन्हा पँटला पुसलं. मग म्हणाला, "एक जखम हाय. दिवाळीच्याही आधीपासून. भरून नाई राह्यली."

मी हातातली भाकर तशीच धरून बसलो होतो. आठ वर्षं मी त्याच्या थैलीतली एकेक वस्तू ओळखत होतो. त्याच्या पंपाचा वायसर कधी बदलला ते मला पाठ होतं. बाईने उठताना माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, नुसतं पाहिलं. "तुमी दोस्त ना त्याचे?" एवढंच म्हणाली आणि कापसाच्या ओळीत परत गेली.

आम्ही तिथून उलटे फिरलो. नऊ हिवाळे मी म्हटलं खरं, पण आठवा असा अर्ध्या रस्त्यातून संपला आणि नववा मोजावा की नाही, मला माहीत नाही.

नागपूरचं सगळं सांगत नाही. ज्यांच्या घरात ते झालं आहे त्यांना ठाऊक आहे, आणि आमच्याकडे अशी घरं गल्लोगल्ली आहेत. जबड्याचा एक भाग गेला, जिभेचा गेला, बोलणं गेलं. नाकातून नळी. भाभी पाट्यावरवंट्यावर वाटावं तसं सगळं मिक्सरमध्ये बारीक करायची, गाळायची, पुन्हा गाळायची. तो शाळकरी पाटीवर लिहून बोलायचा. अक्षर वाईट होतं, शाळेतही वाईटच होतं. दवाखान्यात असतानाच एकदा त्याने मला लिहून विचारलं, "तू सोडला?" मी सांगितलं, त्याच दिवशी सोडला. हे खोटं होतं. पंधरा दिवस सोडला होता.

मागच्या हिवाळ्यात, कपाशी फुटल्यावर, त्याने पाटीवर लिहिलं: "थैली आण." मी म्हटलं, एकटा जाऊन काय करू? त्याने पाटी दोनदा बोटाने ठोकली. मग मी आणली. दुपारची वेळ होती, मागच्या खोलीत त्याची खाट टाकलेली, पलीकडून भाभीच्या मशीनचा आवाज येत होता. तो उशीला टेकून बसला आणि थैली मांडीवर घेऊन उपसायला लागला. हात बारीक झाले होते, पण काम तेच, नीट, एकेक वस्तू पाहून. एक सुती दोरी काढली. मोज्यांचा जोड काढला. मग त्याचा हात आतल्या बाजूने सरकत गेला आणि त्या बोटभर खिशावर थांबला. बाहेरून चाचपला. पन्नी वाजते. हलक्या कापडातून तर स्पष्ट वाजते.

मी मान खाली घातली. आमच्या नियमात बोलायचं नव्हतं, तेवढं बरं होतं.

त्याने हात बाहेर काढला. चेन लावली. पाटी ओढून घेतली आणि लिहिलं: "तिसरी तू काढ."

माझ्याकडे एकदा पाहिलं, पाटी पंच्याने पुसली आणि तो भिंतीकडे तोंड करून पडला. मी ती थैली घेऊन निघालो. तिसरी वस्तू काढली नाही. मारेगावच्या अलीकडे त्याच धुऱ्यावर बसून मी ती पुडी संपवली आणि दुसऱ्या दिवशी एसटीच्या टपावर सायकल टाकून परत आलो. त्याने विचारलं नाही. नंतर त्याच्याजवळ आठ-नऊ महिने होते, त्या काळात मी शेकडो वेळा त्याच्या खाटेशी बसलो असेन. त्याने पुन्हा कधी तो विषय लिहिला नाही आणि मीही काढला नाही. शेवटी त्याचं वजन अडतीस किलो होतं. ते मी वहीत लिहिलं नाही, पण लक्षात आहे.

आज दुपारी मी थैली घेऊन भाभीकडे गेलो. निमित्त चेनीचं होतं, एक दात अडकतो. खरं कारण चौथी ओळ. वही बरोबर घेतली होती. ती गणवेशाच्या बाह्या जोडत होती. मी चेन दाखवली. तिने थैली उलटसुलट केली.

"भरलेलीच आनली भाऊ? जाऊन राह्यले का?"

"पाहतो. उद्या सकाळी निघीन म्हनतो."

"एकटे?" तिने मशीन थांबवलं. "अन् आता उपसते कोन तुमची थैली?"

तिने कापड बाजूला सारलं आणि कापायच्या टेबलावर माझी थैली उलटी केली. पंप, ट्यूब, अर्धा ब्रश, साबणाची गोळी, पंचा. ती एकेक उचलून पाहत होती आणि तिला काही कळत नव्हतं, म्हणजे काय जड आणि काय हलकं. तिने ट्यूब बाजूला ठेवली, ही कायले लागते म्हणून. मी हसलो असतो. मग तिचा हात न पाहता आत गेला, सरळ त्या खिशाशी. स्वतः शिवलेला खिसा तिला शोधावा लागला नाही.

तेव्हा मी वही उघडली आणि दुसरं पान तिच्यासमोर धरलं. "भाभी, हे म्या लिवलं होतं. त्यानं नाई. भाकरी म्याच काढल्या अन् हे लिवलं. तुमाले सांगायचं राह्यलं होतं." आणखी पुष्कळ जुळवून आणलं होतं, ते सगळं आठवेना.

तिने ओळ वाचली. बोट ठेवून वाचली. मग खिशातून पुडी काढून वहीवरच ठेवली.

"तुमाले काय वाटलं, तुमाले एकट्यालेच वाटते असं?" ती म्हणाली. "औषधाचा खिसा म्हने. मी का इतकी भोळी होती का? पन्नी ओली होऊ नये म्हनून डबल कापड लावलं म्या. वरून शिलाई मारली." तिने टेबलावरचं ब्लेड घेतलं. "तुमी लिवलं. म्या शिवलं. खाल्लं त्यानं. आता कोनाले पकडाचं?"

ती खिशाचे टाके उसवायला लागली. इतक्या वर्षांत न सुटलेले टाके, एकेक करून. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हात थांबत नव्हता. खिसा निघाला तेव्हा तिने तो पुडीसकट कचऱ्याच्या डब्यात टाकला. मला वाटलं, झालं. छातीवरून काहीतरी उतरल्यासारखंही वाटलं. मी सामान परत भरायला हात पुढे केला.

"थांबा," ती म्हणाली. "बोटं घाला."

"काय?"

"तीन बोटं. तोंडात. माह्यासमोर घाला."

मी म्हटलं, भाभी, मी तर कधीमधीच. ती ब्लेड हातात धरून नुसती उभी राहिली. मी बोटं एकावर एक धरली आणि तोंड उघडलं. दोन गेली. तिसरं दातांना टेकून राहिलं. मी जोर केला. कानाजवळ ताण बसला आणि बोट तिथेच राहिलं. कधीपासून, मला माहीत नाही. मी माझ्या तोंडात कधी पाहिलंच नव्हतं. गेल्या वर्षापासून मला पेरू आवडेनासे झाले होते, एवढं माहीत होतं.

भाभीने माझं मनगट धरून हात खाली केला, लेकराचा करावा तसा. मग मशीनमागून नायलॉनची पिशवी काढली. हारूनची दवाखान्याची पिशवी, तिने फेकली नव्हती. "उद्या सायकल नाई," ती म्हणाली. "उद्या सकायची नागपूरची गाडी. मी येतो संगं. कोनत्या खिडकीवर कागद काढाचा, कोनता डॉक्टर नीट पाह्यते, मले सगळं पाठ हाय."

आणि तिने माझी थैली भरायला घेतली. पंप, ट्यूब, सगळं टेबलावरच राहिलं. तिने तिच्यात स्टीलचा गिलास घातला, पातळ चादर, पाण्याची मोठी बाटली, कागदांसाठी पुठ्ठ्याची फाइल, आणि फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी. चेन मधेच अडकली, तिने मेणबत्ती घासून ती ओढली.

ती थैली आता दाराशी ठेवलेली आहे. सकाळची गाडी सहाची. मघाशी मी उचलून पाहिली, चार किलोंच्या वर असेल. मी तिच्यातून काहीच काढलेलं नाही.